गाण्यातली उडी

माझ्या आवडीची गाणी चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत. गाण्याचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं डोळे मिटून एखाद्या रागाचं नाव घेतात, नाहीतर कुठल्यातरी हळुवार भावगीताची ओळ गुणगुणतात. मी गप्प बसतो. मला आवडतात ती जुन्या हिंदी सिनेमांतली नाचाची गाणी. ज्यात मधूनच कुणीतरी 'हा!' करून ओरडतं, ट्रम्पेट उगाचच वर चढतो आणि शब्दांना काही म्हणजे काही अर्थ नसतो. त्या काळीही शहाण्या माणसांनी त्यांना नाकं मुरडली होती. आता तर नाकं मुरडायलाही कुणी उरलं नाही. बायको याला 'तुमचा धांगडधिंगा' म्हणते. ती भजनी मंडळात आहे, तिचा कान तयार आहे आणि ते ती मला अधूनमधून ऐकवते.

ही गाणी मी रेकॉर्डवरच ऐकतो. मोबाइलवर सगळी फुकटात मिळतात, हे मला घरातल्या आणि बाहेरच्या प्रत्येकानं एकदातरी सांगून झालंय. कारकुनीतून मोकळा झाल्यापासून माझा तोच उद्योग आहे. हिंगोलीतले भंगारवाले, बाळापूरच्या बाजारात गोणपाटावर जुनी कुलपं आणि नळाच्या तोट्या मांडून बसणारे म्हातारे, कुणाच्या माळ्यावर पडलेल्या पेट्या. कुठं काळं, गोल, चपटं काही दिसलं की माझे पाय तिकडं वळतात. कधी कव्हर उंदरांनी कुरतडलेलं असतं, कधी कव्हरवर एका सिनेमाचं चित्र आणि आत तिसरीच रेकॉर्ड. मला त्याचंही काही वाटत नाही. काय निघेल ते बघण्यातच निम्मी गंमत आहे.

घरी आणलेली रेकॉर्ड मी आधी धुतो. न धुता तिला सुई लावत नाही, हा माझा नेम आहे. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी गाळून घ्यायचं, मऊ कापसानं गोल गोल फिरवत पुसायचं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. रेघांत काही चिकटलेलं असेल तर नखानं हलकेच उकरायचं. मग सावलीत वाळत ठेवायच्या, पापड ठेवावेत तशा, भांड्यांच्या जाळीत उभ्या. बायको म्हणते, स्वतःच्या जेवणाचं ताट कधी इतक्या प्रेमानं धुतलं नाही. खरं आहे ते.

दुपारी सगळीकडं सामसूम झाली की मी एखादी लावतो. पडदे ओढलेले, पंखा हळू, बाहेर लिंबाच्या झाडावर पारवे घुमत असतात. सुई टेकली की आधी नुसती खरखर येते, तळण गरम तेलात सोडल्यावर येते तशी. ती खरखर मला गाण्याइतकीच आवडते. मग ढोल, मग तो बिनकामाचा ट्रम्पेट, आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत कुठं जातो ते माझं मलाच कळत नाही. कधी ज्वारीच्या ताटांतून चालत असतो, कधी कुणाच्यातरी मांडवात पत्रावळीवर बसलेला असतो. रेकॉर्ड संपून सुई मधल्या कागदाशी टकटक करत राहते, आणि चहा घेऊन आलेली बायकोच ती उचलते.

गेल्या काही वर्षांपासून या दुपारींना एक भीती येऊन बसली आहे. माझा डावा कान गेलाय. उजवा त्याच वाटेनं चाललाय. नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी बारीक, वरचे आवाज जातात, मग बाकीचे. थांबवता येत नाही, मशीन लावा. मशीन लावली. मशीनमधून माणसांचं बोलणं बरं ऐकू येतं, पण गाणं स्टीलच्या पेल्यात चमचा फिरवल्यासारखं वाजतं. म्हणून गाणी ऐकताना मी ती काढून ठेवतो. मग सगळं दुरून येतं. शेजारच्या गावात लग्न लागलंय आणि वाऱ्यावर तिथलं गाणं तुटक तुटक येतंय, असं. लहानपणी मी गाणी अशीच ऐकली होती, त्यामुळं पहिल्या पहिल्यांदा मला ते आवडलंसुद्धा. नंतर एके दिवशी ओळखीच्या गाण्यातली बासरी आलीच नाही. तेव्हा मात्र मी सुई मागं नेऊन तीच जागा चारदा लावून पाहिली.

आणि तेव्हाच ठरवलं की कान आहे तोवर एक गाणं ऐकून घ्यायचं. ते गाणं माझ्याकडं होतंच, तेही तीन रेकॉर्डींवर. पण मला ते आमच्या गावातल्यासारखं ऐकायचं होतं, उडीसकट.

ही उडी काय, ते सांगायला हवं. आमचं गाव बाळापूरपासून आत. गावात लाउडस्पीकर एकाकडेच होता. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला कायम पांढरा रुमाल. लग्न असलं की आदल्या दिवशी तो बैलगाडीतून मशीन, बॅटरी आणि पेटी घेऊन यायचा, भोंगा चिंचेच्या शेंड्याला बांधायचा आणि पहिल्यांदा भोंग्यात फुंकर मारायचा. ती फुंकर ऐकली की आम्ही पोरं हातातलं टाकून पळायचो. मोठ्या लग्नात कधी दोन-दोन लाउडस्पीकरवाले यायचे, रेकॉर्डी एकमेकांत मिसळायच्या, म्हणून त्यानं आपल्या प्रत्येक रेकॉर्डीच्या मधल्या कागदावर, दोन्ही बाजूंना, तांबड्या ऑइलपेंटचे तीन ठिपके दिले होते. दोन खाली, एक वर, चुलीच्या दगडांसारखे.

वरात निघाली की तो एक ठरलेलं नाचाचं गाणं लावायचा. आणि त्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, पिन उडायची. एक अख्खी ओळ गिळून ती धाडकन पुढं ध्रुवपदावर जाऊन पडायची. प्रत्येक वेळी, बरोबर त्याच जागी. दुसऱ्या गावात लोकांनी लाउडस्पीकरवाल्याला शिव्या घातल्या असत्या. आमच्या गावानं काय केलं, तर तिथं नाचणारे सगळे उडी मारायला लागले. पिन उडाली की माणसं उडायची. नवरदेवाचा मामा, टोपी सावरणारे म्हातारे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळे एकदम हवेत आणि एकदम खाली. धूळ उठायची. तेवढ्या एका क्षणात कुणी कुणाचं कोण, काही राहायचं नाही. मी वडिलांना जमिनीवरून दोन्ही पाय उचलताना पाहिलं ते फक्त त्या गाण्यात. त्यांना एरवी हसतानासुद्धा मी फारसं पाहिलेलं नाही.

ते गाणं तसंच असतं, असंच आम्हाला वाटायचं. पुढं बाळापूरचा बँड वरातीला येऊ लागला, तर आमच्या गावात त्यांनाही ती ओळ गाळूनच वाजवावं लागायचं. नाहीतर लोक थांबून त्यांच्याकडं बघत राहायचे. अक्का, माझी थोरली बहीण, लग्न होऊन कळमनुरीकडं गेली. तिथं दिराच्या वरातीत तेच गाणं लागलं आणि भर रस्त्यात ही एकटीच उडाली. सासू म्हणाली, "काहून उडून राहिली गं? इंचू चावला का काय?" अक्का हे अजून सांगते आणि सांगताना स्वतःच इतकी हसते की पुढचं ऐकू येत नाही.

मोठेपणी मला हे गाणं रेकॉर्डवर पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी लहान पोरासारखा घरी पळत आलो. धुतली, वाळवली, लावली. दुसऱ्या कडव्याशी माझे पाय तयार होते. आणि तिथं एक अख्खी ओळ आली. चांगली होती, गायलीही छान होती. पण मला आपल्या घरात अनोळखी माणूस जेवायला बसलेला दिसावा तसं झालं. मग आणखी एक घेतली, मग तिसरी. तिन्ही निर्दोष. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात डीजेनं ते गाणं नव्या ढंगात लावलं. आमच्या गावची म्हातारी माणसं त्या जागी बरोबर उडाली, गाणं मात्र सरळ चालत राहिलं, आणि सगळे ताल चुकून एकमेकांवर आदळले. पोरं हसली. मीही हसलो, पण मला वाईट वाटलं.

लाउडस्पीकरवाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलांनी त्याच्या पेट्या कधीच भंगारात दिल्या होत्या. मी बाळापुरात विचारलं, वारंगा फाट्यावरच्या दुकानांत विचारलं. "रिकार्डी? त्या त कवाच गेल्या," एवढंच उत्तर मिळालं. महिने गेले. उजव्या कानातून हळूहळू सतारही गेली. मी मनातून ते गाणं सोडून दिलं, म्हणजे सोडून दिलं असं बायकोला सांगितलं.

मग वाशिमला एका बारशाला जाताना कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. धाबा नव्यानं सजवला होता. हल्ली जुन्या वस्तू भिंतीला लावायची फॅशन आलीय. कंदील, बैलगाडीचं चाक आणि दहा-बारा रेकॉर्डी खिळ्यांनी ठोकलेल्या. खिळे बघून माझा जीव तिळतिळ तुटला. गल्ल्याच्या वर एका रेकॉर्डीचं घड्याळ केलेलं होतं. मधल्या भोकातून काटे काढलेले, आकड्यांच्या जागी सोनेरी टिकल्या. वेळ बघावी म्हणून वर पाहिलं, आणि तासकाट्याखालून तांबडा ठिपका डोकावला. मी काटा सरकेपर्यंत तिथंच उभा राहिलो. चहा गार झाला. काट्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके होते. दोन खाली, एक वर.

कागदावरचं नाव वाचायला मला खुर्चीवर चढावं लागलं. त्याच सिनेमाची होती. आमचं गाणं मागच्या, भिंतीकडच्या बाजूला.

धाब्याचा मालक चाळिशीतला, बोलायला मोकळा. म्हणाला, "काका, ते न्हाई देत. घड्याळ बराबर चालून राहिलंय, गिऱ्हाईक फोटो काढते त्याचा." मी त्याला सगळं सांगितलं नाही, काय सांगणार? पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि माझ्या तीनपैकी सगळ्यात चकचकीत रेकॉर्ड त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उलटून पाहिली, वर घड्याळाकडं पाहिलं, आणि माझ्याकडं पाहिलं. "हे त तेच हाय. नवंकोरं देऊन जुनं काहून नेता तुमी?" मी म्हणालो, "आमच्या गावचं आहे ते." त्याला ते पटलं की माझी कीव आली, कोण जाणे. त्यानं स्वतः स्टूल आणून घड्याळ उतरवलं, काटे काढले आणि ती रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. वर चहाही पाजला.

घरी येताना बसमध्ये ती मांडीवर धरली होती. खिडकीबाहेर हळदीची शेतं मागं जात होती आणि मला उगाचच वाटत होतं की भोंग्यातली ती पहिली फुंकर आत्ता ऐकू येईल. आलीही असेल. माझ्या कानाचा काय भरवसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला फोन केला. ती आता मुलाकडं हिंगोलीतच असते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. दुपारी ये म्हणालो, का ते सांगितलं नाही. आणि रिठ्याचं पाणी घेऊन बसलो. धाब्याच्या फोडणीचा सगळा धूर त्या रेकॉर्डीवर बसला होता. पाणी तीनदा काळं झालं. सोनेरी टिकल्या काढल्या. मागच्या बाजूला रेघांमध्ये तांबूस काहीतरी चिकटलेलं होतं, मसुराच्या डाळीएवढं, दगडासारखं घट्ट. घड्याळ करण्याआधी कुठंतरी भाजीचा रस्सा लागला असेल म्हणून मी धाब्यावाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि नखानं हळूहळू, रेघेला धक्का न लावता, ते उकरून काढलं. इतकं सफाईदार काम मी क्वचितच केलं असेल. रेकॉर्ड वाळली तेव्हा तिच्यात खिडकी दिसत होती.

अक्का आली. गुडघ्यांवर हात ठेवत खुर्चीत बसली, रेकॉर्ड पाहिली, ठिपके पाहिले. "ह्ये तर त्याचं हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. बायकोही स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. मी मशीन काढून ठेवली, उजवा कान स्पीकरला लावला आणि सुई टेकवली.

घड्याळासाठी भोक मोठं केलेलं, त्यामुळं गाणं जरासं डुलत होतं, हिंदोळ्यावर बसून कुणी गावं तसं. पण ढोल आला, ट्रम्पेट आला, आणि दुरून, फार दुरून, चिंचेच्या शेंड्यावरून सगळं गाव आलं. धूळ आली. पांढरा रुमाल आला. वडील आले. पहिलं कडवं संपलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि अक्काच्या दोन्ही टाचा आपोआप वर उचलल्या.

सुई सरळ पुढं गेली. ती ओळ आली, अख्खी, छान गायलेली, आणि तिच्या मागून ध्रुवपद आलं.

अक्का मोठ्यानं म्हणाली, "उडी कुठं गेली?"

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा लावली. पुन्हा सरळ. मग माझं लक्ष माझ्या नखाकडं गेलं. आत तांबडा कण अजून अडकलेला होता. तो भाजीचा रस्सा नव्हता, ऑइलपेंट होता. कधीकाळी ठिपके देताना लाउडस्पीकरवाल्याच्या काडीवरून एक थेंब रेघांवर पडला, वाळला, आणि त्याला अडखळून पिन उडायला लागली. त्या थेंबावर आमचं गाव इतकी वर्षं नाचलं होतं. आणि मी तो आज सकाळी, मोठ्या कौशल्यानं, खरवडून मोरीत सोडला होता.

मशीन पुन्हा कानात घालून मी अक्काला सांगितलं. खोटं कशाला सांगू, सांगताना मला रडू आलं. कान जायचा तो जाणारच होता. जाण्याआधी एकदा ऐकावं एवढंच मागितलं होतं, आणि तेही मी स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं होतं.

"धुवायचं काय नडलं व्हतं तुला?" अक्का चिडली. "उभ्या जन्मात त्यानं न्हाई धुतली ती."

"यांना सांगून थकले मी," बायको दारातून म्हणाली, पण तिचा आवाज मवाळ होता.

मग अक्का खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "लाव पुन्हा," म्हणाली.

"नाही येत ती उडी आता, अक्का."

"मला येती ना. तू लाव."

मी मशीन पुन्हा काढून ठेवली आणि लावली. अक्का खुर्चीची पाठ धरून डुलायला लागली, गुडघे सांभाळत, पदर खोचून. ओठ हलत होते, ती गात होती बहुतेक. मला तिचा आवाज येत नव्हता. दुसरं कडवं जवळ आलं. ती ओळ नेमकी कुठल्या अक्षरावर सुरू होते ते आता माझ्या कानाला नीट कळत नाही, म्हणून मी तिच्या पायांकडं बघत होतो. डावा पाय जमिनीवरून उचलला आणि माझं बोट आपोआप सुईच्या दांडीला लागलं. जरा जोरात लागलं. सुई सगळं गाणं ओलांडून पलीकडच्या गाण्यात जाऊन पडली. अक्का हवेत होती ती खाली आली आणि खो खो हसायला लागली. बायकोही हसली.

"हळू," अक्का डोळे पुसत मोठ्यानं म्हणाली. "पुन्हा लाव. हळू ढकल."

पुन्हा लावली. ढोल, ट्रम्पेट, पहिलं कडवं. मी गुडघ्यावर बसलो, तोंड तिच्या पायांशी, बोट दांडीशी. तिची टाच उचलली, मी बोट लावलं, आणि ती परकी ओळ गायब झाली. सुई आणि अक्का एकदमच ध्रुवपदावर उतरल्या. फरशी हादरली ती मला गुडघ्यांत कळली.

"हे मला कान गेल्यावरही जमेल गं," मी म्हणालो.

अक्कानं ऐकलं नाही. तिला धाप लागली होती, पदर पुन्हा खोचून घेत ती हातानंच खूण करत होती, सुरुवातीपासून लाव.